हिंगातला मैदा

पाकिटामागच्या आकड्यांशी माझं वैर जुनं. खाण्यात मिसळलेल्या पूरक पदार्थांचे हे क्रमांक : आयएनएस २११, २२३, ३३०, ६२१. शाळेत रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे हे आकडे म्हणजे कोण, हे मला चारचौघींपेक्षा जास्त कळायचं, आणि कळायचं म्हणूनच राग जास्त यायचा. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. ही मंडळी माझ्या प्रयोगशाळेत कपाटात कुलूपबंद असायची. ज्यांना मुलांनी हात लावलेला मला खपत नसे, त्या वस्तू जॅममध्ये आणि सरबतात? पालकसभा असो, महिला मंडळ असो, बोलायला उभं केलं की माझं एक वाक्य ठरलेलं असे : ‘जे बाटलीत ठेवायचं ते पोटात कशाला?’ (हे वाक्य दुसऱ्याही बाटलीला चपखल बसतं, असं स्टाफरूममधले एक सर दर वेळी म्हणत.) टाळ्या हमखास.

मांडणी सरळ होती. पाकीट म्हणजे लपवाछपवी. सुटं, ओळखीच्या दुकानातलं, घरी केलेलं म्हणजे स्वच्छ. ही मांडणी आता मला पटत नाही. ती एका दिवसात सुटली नाही, आणि सगळी सुटलेलीही नाही.

सुरुवात भाचीच्या मुलापासून झाली. पोर वाढेना, अंगात रक्त नाही, पोट सदा फुगलेलं. तपासण्या होऊन निदान निघालं ते सिलिॲकचं. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं आतलं अस्तर झिजत जातं, आणि त्यावर उपाय एकच : ग्लुटेन बंद. बंद म्हणजे अगदी बंद. ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापायचं तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. भाची खमकी. तिने पाव, बिस्किटं, रवा, शेवया सगळं घराबाहेर काढलं. ज्वारीची भाकरी, भात, आमटी, भाजी. पाकीट म्हणून घरात शिल्लक राहिलं नाही. आजार वाईट होता, पण घर माझ्या मताचं झालं म्हणून मला मनातून बरंच वाटलं होतं. तरीही मुलाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा हवा तसा उतरेना.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, ‘‘हिंग कुठला वापरता?’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हिंगात कसला गहू? तर असतो. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या बाजूने येणारा हिंगाचा मूळ चीक इतका जहाल असतो की तो तसाच फोडणीत घालणं अवघड. म्हणून डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात. बाजारात बहुतेक मिळतो तो हा असा बांधणीचा हिंग. पीठ कुणी तांदळाचं घालतं, पण पुष्कळदा तो मैदा असतो. हिंग म्हणून आपण जी चिमूट तेलात सोडतो, तिच्यात बराचसा भाग या पिठाचा आणि डिंकाचाच.

भाचीकडे हिंग यायचा तो पेठेतल्या जुन्या दुकानातून, कागदाच्या पुडीत. तिथे जाऊन विचारलं, यात मैदा आहे का? ‘‘ताई, एक नंबर माल आहे. वडिलांच्या काळापासून हाच विकतोय.’’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्याच्याकडून ते आणत त्यालाही बहुधा नसणार. मग आम्ही मोठ्या दुकानातून निरनिराळ्या डब्या आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो. डबीच्या बुडाशी, घडीवर अर्धवट दुमडलेल्या अक्षरांत, लिहिलेलं होतं : डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. त्याखाली ठळक ‘गहू आहे’. एकीवर गव्हाऐवजी तांदळाचं पीठ. पोराच्या आमटीत काय पडतंय हे आम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ज्या बारीक अक्षरांवर मी इतकी वर्षं दातओठ खात आले त्या अक्षरांनी. ओळखीच्या दुकानाने नाही.

‘‘आणि ज्वारी दळून कुठून आणता?’’ हा त्या बाईंचा पुढचा प्रश्न. कुठून म्हणजे, कोपऱ्यावरच्या गिरणीतून. तिथे सकाळपासून गव्हावर गहू पडत असतो आणि मध्येच कुणाचा ज्वारीचा डबा लागतो. आधीचं पीठ जात्यात, कापडी नळीत बसलेलं असतं, ते आपल्या डब्यात येतं. ही गोष्ट आपल्याला माहीत नसते असंही नाही. उपासाचं दळण असलं की आपण गिरणीवाल्याला दोनदा बजावतो, ‘गव्हावर दळू नका हं.’ एकादशीला जी काळजी घ्यायची ती लेकरासाठी रोज घ्यायची, हे काही सुचलं नव्हतं. भाचीने घरगुती चक्की घेतली, हिंगाची डबी बदलली, आणि आकडा हळूहळू उतरला. त्यात हिंगाचा वाटा किती नि गिरणीचा किती, कोण सांगणार? माझा कौल गिरणीकडे.

पण माझ्या डोक्यात अडकून बसला तो हिंगच. पुढे काही दिवस मला एक खोड लागली. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या मी आकड्यांत वाचू लागले. पापडखार, खायचा सोडा : ५००. हळदीतला पिवळा रंग : १००. तुरटी : ५२२. चायना ग्रास : ४०६. आईस्क्रीम दाट करणारा ४१२ म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. व्हिटॅमिन सी ३००. वेफर्सच्या पाकिटात भरलेला नायट्रोजन, जो श्वासागणिक आपण आत घेतो, तो ९४१. मिठाच्या पिशवीवरचा ५३६ बघून तर एके काळी मी पिशवी परत केली असती : पोटॅशियम फेरोसायनाइड. नावातच सायनाइड. मीठ मोकळं राहावं म्हणून घालतात, किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि त्यातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटं होत नाही. हे मी स्वतः फळ्यावर शिकवलेलं होतं! वर्गातलं ज्ञान वाण्याच्या दुकानात कसं गळून पडतं, हे एक कोडंच आहे.

३३०ची गोष्ट तर मला फारच आवडते. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्त्व. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये एक पत्रक हातोहात फिरू लागलं. पॅरिसजवळच्या विलज्वीफ इथल्या नामांकित कर्करोग रुग्णालयाचं म्हणून ते खपवलं जाई. रुग्णालयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यात खाद्यपदार्थांतल्या घटकांची यादी होती, आणि सर्वांत घातक म्हणून ठळक नाव होतं ३३०चं. लोकांनी त्याच्या प्रती काढून शाळांतून, दवाखान्यांतून वाटल्या. व्हॉट्सॲप यायला तीसेक वर्षं होती तरी काही अडलं नाही. घोळाचं एक कारण सांगतात ते गमतीचं आहे. शरीरात अन्नापासून ऊर्जा तयार होण्याच्या ज्या चक्रात सायट्रिक ॲसिड येतं, त्याला हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि जर्मनमध्ये ‘क्रेब्ज’ म्हणजे खेकडा, आणि कर्करोगही. एवढ्यावर लिंबूसत्त्व फासावर.

खरा आश्चर्याचा मुद्दा मात्र त्या पत्रकवाल्यांच्या हातून निसटला. लिंबूसत्त्वात लिंबू नसतं. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की साखरेच्या द्रावणावर एक काळी बुरशी वाढवली तर ती भरपूर सायट्रिक ॲसिड बनवते, आणि दोनच वर्षांनी तसं उत्पादन सुरू झालं. आज जगातलं बहुतेक सगळं सायट्रिक ॲसिड त्या बुरशीकडूनच येतं. ॲस्परजिलस नायजर तिचं नाव. जुन्या कांद्याच्या सालाखाली काळी पूड दिसते ना, तीच ही. घरच्या ढोकळ्यात मी ते सत्त्व बिनदिक्कत घालत होते, आणि पाकिटावर ३३० दिसलं की नाक मुरडत होते.

या सगळ्याने माझा आकड्यांवरचा राग मावळला. सुट्या वस्तूंवरचा विश्वास डळमळला तो गुळामुळे. कोल्हापूरजवळ एका जुन्या विद्यार्थ्याच्या गुऱ्हाळावर गेले होते. काहिलीत रस उकळत होता. गुळव्याने भेंडीची झाडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओतलं. त्याने मळी एकत्र येऊन वर तरंगते, मग ती झाऱ्याने काढतात. थोडी चुन्याची निवळी गेली. इथवर मी अगदी भारावून बघत होते. मग त्याने एका प्लास्टिकच्या डब्यातून पांढरी पूड घेतली आणि रसात टाकली. नाकाला ओळखीची झिणझिणी आली. गंधकाचा वास. हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. माझ्या कपाटातल्या मेटाबायसल्फाइटचं सख्खं भावंड. तपकिरी रस बघता बघता सोनेरी झाला.

मी काही बोलायच्या आतच गुळव्या म्हणाला, ‘‘बाई, काळा गूळ चांगला, ह्ये मलाबी ठावं हाय. पर सौद्यात दर पिवळ्यालाच. काळा रवा व्यापारी वळून बगत न्हाई. घरात आमी काळाच खातो.’’

गुळात गंधकाचा अंश किती चालेल याला कायद्यात मर्यादा आहे, दहा लाखांत ७० भाग. पण बाजारात ढेप फोडून किलोभर गूळ बांधून देतात त्या कागदावर काय लिहिलेलं असतं? वाळवलेल्या जर्दाळूच्या पाकिटावर हेच गंधकाचं कुळ २२० असा आकडा लावून येतं, म्हणून मी ते पाकीट टाळत होते. आणि भाषणात सांगत काय होते, तर साखर सोडा, गूळ खा; गूळ शुद्ध. काळा गूळ आणला की प्रश्न मिटला असंही नाही. जमीन, उसाची जात, आच जास्त लागणं, कशानेही गूळ काळा होतो. रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. पिवळा रंग मागणारी मात्र मीच, तुम्हीच. गुळव्याच्या चमच्यात ती पूड आपल्या डोळ्यांनी ठेवलेली आहे.

पिवळ्याच्या या हौसेचं बांगलादेशातलं उदाहरण तर अंगावर येतं. १९८०च्या दशकात पुरात भिजून हळद काळवंडली, तेव्हा ती उजळ दिसावी म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट चोळायची पद्धत तिथे पडली. शिसं आणि क्रोमियम, दोन्ही विषारी. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं कुठून येतं याचा माग काढताना संशोधक शेवटी मसाल्याच्या डब्यापाशी पोचले. २०१९ मध्ये हे जाहीर झालं, सरकारने बाजारात धाडी घातल्या, खटले भरले, आणि तपासलेल्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत सापडलेलं शिसं २०२१ पर्यंत शून्यावर आलं. लेड क्रोमेटला पाकिटावर छापायचा आकडा नाही. खाण्यात घालायला परवानगीच नाही, मग आकडा कुठून असणार?

इथे मला माझा आवडता प्रयोग आठवतो. तूप पातळ करायचं, परीक्षानळीत तितकंच तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, चिमूटभर साखर, आणि जपून हलवायचं. तुपात वनस्पती तुपाची भेसळ असेल तर खालचा थर लालभडक. मुलं ओरडायची, ‘डालडा पकडला!’ पण तो रंग वनस्पती तुपाचा नसतो. तिळाच्या तेलाचा असतो. आपल्याकडे वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याचं बंधन कायद्याने ठेवलं, ते चवीसाठी नव्हे, साजूक तुपात कुणी ते मिसळलं तर पकडता यावं म्हणून. चोराच्या खिशात त्याच्याच नावाची चिठ्ठी आधीच घालून ठेवावी, तसं. छुपा घटक म्हटलं की आपण लगेच विष समजतो. इथे छुपा घटकच साक्षीदार.

एवढं म्हटल्यावर कुणी मला कंपन्यांची वकील ठरवेल, म्हणून माझं काय सुटलेलं नाही तेही सांगते. आकडे देवाने दिलेले नसतात. पोटॅशियम ब्रोमेट हे पावाला फुगवणारं रसायन आपल्याकडे चालत होतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१६ मध्ये पाव, पिझ्झा, बर्गर यांचे ३८ नमुने तपासले, ८४ टक्के नमुन्यांत ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं, आणि पुढच्याच महिन्यात ब्रोमेट परवानगीच्या यादीतून गेलं. त्यावर कर्करोगाचा संशय तर १९८०च्या दशकापासूनचा. म्हणजे ओरडणाऱ्यांनी ओरडलंच पाहिजे. दुसरी गोष्ट उगमाची. ६३१, डायसोडियम इनोसिनेट, नूडल्स आणि वेफर्सना खमंगपणा देणारं. ते टॅपिओकाच्या स्टार्चपासून आंबवून करता येतं, तसंच मांस-मासळीपासूनही. आकडा तोच. शाकाहारी घरात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं याच घटकाचं उदाहरण घेऊन सांगितलं की घटक वनस्पतीतून आला की प्राण्यातून, हे नुसत्या आकड्याआड दडवता येणार नाही. मी स्वतः अंडी खाते, पण हा निर्णय मला मनापासून पटला.

तरी आज मला कुणी विचारलं की पाकिटात लपलेलं काय शोधायचं, तर मी आकड्यांकडे बोट दाखवणार नाही. साध्या शब्दांत छापलेलं जे आपण वाचत नाही, तेच खरं दडलेलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. पुढून ‘नाचणी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं बिस्किट मागून वाचा : मैदा, साखर, पामतेल, आणि मग कुठेतरी नाचणी. साखर एकटी आली तर वर चढून बसेल, म्हणून ती कधी कधी साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशा तीन नावांनी येते आणि तिन्ही नावं खाली सरकतात. ‘फ्रोझन डेझर्ट’ हे दोन शब्द तर आम्ही सगळ्यांनी कित्येक उन्हाळे आईस्क्रीम म्हणून खाल्ले. त्यात दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पतीचं तेल असतं, आणि तसं डब्यावर छापलेलं असतं. हवा मात्र दोन्हींत. लिटरभर आईस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅम भरलं तरी कायद्याचं समाधान होतं. माल्टवाल्या पेयांचं तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण असा प्रकारच कायद्यात नाही. त्यातली साखर बरणीवर पहिल्यापासून लिहिलेली होती.

आणि केवळ साखर-मीठ मोजूनही भागत नाही, असं दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं. ताटात वाढलेली साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे जुळवलेले, आणि हवं तितकं खायची मुभा. तयार खाण्याच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. यात दोष कुठल्या आकड्याचा? मऊ, चावावं न लागणारं, थांबू न देणारं, हा काही पाकिटामागे छापता येण्यासारखा घटक नाही.

महिला मंडळात आता हे सगळं सांगते तेव्हा टाळ्या पडत नाहीत. मागच्या खेपेला एका बाईंनी वैतागून विचारलं, ‘‘अहो, मग खायचं काय ते एका वाक्यात सांगा ना!’’ एका वाक्यात येईना. हिंगाची डबी वाचा, गिरणीत विचारा, पिवळा गूळ मागू नका, असं काहीबाही बोलत राहिले, आणि अर्ध्या जणी चहाकडे वळल्या.

विचारण्याची सवय मात्र लागली आहे. आमच्याकडच्या फरसाणवाल्याकडे मिठाईच्या ट्रेवर ‘या तारखेपर्यंत खावे’ अशी पाटी असते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ती सक्तीची आहे. तेलाची पाटी नसते. परवा विचारलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं, पण तो आत गेला आणि तेलाचा डबाच उचलून घेऊन आला. पामोलीन. ‘‘शेंगदाण्याचं परवडतं का ताई? भाव दुप्पट केला तर तुम्ही तरी घ्याल का?’’ मी जरा विचार केला. नसतंच घेतलं. अर्धा किलो पापडी घ्यायला गेले होते, पाव किलो घेतली.